जुबिलीची बशी कोणी घडवली? चार महिन्यांचा शोध

माझ्यासारखं कोणाच्या हातात एखादी जुनी इंग्लिश प्लेट आली असेल, मागचा शिक्का पुसट असेल आणि कुठून सुरुवात करायची तेच कळत नसेल, तर त्यांच्यासाठी हे सगळं लिहून ठेवतेय. मला २१ एप्रिल ते १० ऑगस्ट २०२४ इतका वेळ लागला, त्यातला निम्मा तरी चुकीच्या माणसांच्या उत्तराची वाट बघण्यात गेला.

२१ एप्रिलला रविवार होता. आम्ही राहतो तिथून जवळच्या मैदानावर कार बूट सेल भरतो, म्हणजे लोक गाडीची डिकी उघडून घरातलं जुनं सामान विकायला बसतात. एका आजोबांच्या टेबलावर कपबशांच्या ढिगात ही प्लेट होती. साधारण सात इंचांची, कड सरळ गोल नाही तर सहा पाकळ्यांसारखी, मधे व्हिक्टोरिया राणीचं चित्र, दोन्ही बाजूंना झेंडे आणि खाली १८३७–१८९७. जुन्या क्रोकरीची मला आवड वगैरे काही नव्हती. पण १८९७ आकडा वाचला आणि पाय तिथंच थांबले. पाच पौंड सांगितले, मी घासाघीस न करता दिले.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावला. आई चिंचवडला असते, चाफेकर वाड्यापासून चालत पाच मिनिटांवर. प्लेट कॅमेऱ्यासमोर धरली तर म्हणाली, "अगं ही तर जुबिलीची! त्याच रात्री गणेशखिंडीत रँडला गोळी घातली ना." २२ जून १८९७. राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून लंडनला मिरवणूक निघाली, आणि पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली लोकांच्या घरात सोजीर घुसवणारा रँड गव्हर्नमेंट हाऊसवरचा जुबिलीचा समारंभ आटोपून परत निघाला तेव्हा दामोदर चाफेकरांनी त्याच्यावर गोळी झाडली. दुसऱ्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदरपंतांना १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फाशी. लहानपणी शाळेच्या सहलीत, आजोबांच्या तोंडून, किती वेळा ऐकलेलं सगळं. आणि त्याच दिवसाचं कौतुक करणारी वस्तू आता माझ्या किचनच्या ओट्यावर होती.

आई म्हणाली, "घेतलीस तर घेतलीस, पण ही केली कोणी ते तरी बघ." मी तोवर फक्त राणीकडे बघत होते. प्लेट उलटी केली ती तेव्हा पहिल्यांदा.

मागे तपकिरी शाईचा छोटा शिक्का. वर मुकुटासारखं काहीतरी, खाली इंग्रजीत फोली हा शब्द स्पष्ट, पुढे चायनाची पहिली दोन अक्षरं, मग घासलेलं, त्याखाली इंग्लंड. त्याच्या खाली आरडी नंबर आणि सहा आकडे, त्यातला तिसरा गेलेला. २७, मग डाग, मग १०१. आणि शिक्क्यापासून जरा लांब, कडेजवळ, ब्रशने काढलेली लाल रंगाची एक बारीकशी खूण, तिळाएवढी. ती मला आधी कोणाच्या नेलपॉलिशचा थेंब वाटली.

पहिली टिप इथेच देते. शिक्का पुसट आहे म्हणून घासू नका, तारेची घासणी नको, ब्लीच नको, डिशवॉशर तर अजिबात नको, कारण अशा प्लेटवरचे बरेचसे रंग चकाकीच्या, म्हणजे ग्लेझच्या, थरावर बसवलेले असतात आणि ते निघतात. कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे. मग अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा, प्लेटला समांतर धरून फोटो काढा, आणि फोनमध्येच तो फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून रंग उलटे करा, म्हणजे काळ्याचं पांढरं. डोळ्याला न दिसलेलं मला असं दिसलं, चायना शब्द पूर्ण वाचता आला आणि फोलीच्या आधी 'द' आहे हेही कळलं. तिसरा आकडा मात्र नाही आला. दोन असेल, सात असेल, तीन असेल, रोज वेगळं वाटायचं.

दुसरं म्हणजे प्लेट दिव्यासमोर धरून मागून बोटं हलवून बघा. बोटांची सावली दिसली तर बोन चायना किंवा पोर्सलिन, काहीच दिसलं नाही तर साधी चिनी माती. माझीत चारही बोटं दिसली. एवढ्यावरून कारखाना कळत नाही पण अर्धी नावं गळतात.

पुढच्या आठवड्यात शिक्क्यातल्या एकेका शब्दाच्या मागे लागले. इंग्लंड हा शब्द आहे म्हणजे प्लेट बहुतेक १८९१ नंतरची, कारण अमेरिकेच्या मॅकिन्ली टॅरिफ कायद्याने तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं त्या वर्षापासून सक्तीचं झालं आणि कारखान्यांनी सरसकट तेच शिक्के वापरायला सुरुवात केली. मेड इन इंग्लंड असं पूर्ण वाक्य असेल तर माल साधारण विसाव्या शतकातला. म्हणजे कोणी १८९७ ची म्हणून विकतोय आणि मागे मेड इन इंग्लंड आहे, तर जरा थांबा.

फोलीने मात्र गोंधळ घातला. मला वाटलं हे कंपनीचं नाव, झालं काम. तर ते निघालं जागेचं नाव. इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट म्हणजे सहा गावं मिळून झालेलं शहर, टनस्टॉल, बर्सलेम, हॅनली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन, अख्ख्या भागाला पॉटरीज असंच म्हणतात. त्यातल्या फेंटन आणि लाँगटनच्या मधला तुकडा म्हणजे फोली. तिथे एकापेक्षा जास्त कारखाने होते आणि आपल्या मालावर फोली लिहायचा मोह सगळ्यांनाच. म्हणजे सोलापूरची चादर म्हटलं की कुठल्या मागावरची ते थोडंच कळतं, तसं.

३० एप्रिलला मी दोन ठिकाणी ईमेल केले, एका म्युझियमला आणि एका लिलाववाल्या कंपनीला, त्यांच्याकडे फोटो पाठवून फुकट मत मिळतं. नाव कोणाचंच लिहीत नाही. म्युझियमचं उत्तर सहा आठवड्यांनी आलं, आम्ही खासगी वस्तूंवर मत देत नाही, शुभेच्छा. लिलाववाल्यांचं नऊ दिवसांत आलं, दोन ओळींचं, ई. ब्रेन अँड कंपनी, किंमत वीस ते तीस पौंड. मला इतका आनंद झाला की लगेच आईला मेसेज केला, मिळालं म्हणून.

रात्री सहज वाचत बसले तर ई. ब्रेन अँड कंपनी हे नाव सुरू झालं १९०३ ला. त्याआधी तोच कारखाना रॉबिन्सन अँड सन या नावाने चालायचा. मग १८९७ च्या प्लेटवर ब्रेन कसा येईल? उलट ईमेल केला, त्याला उत्तर आलं नाही. त्या दोन दिवसांत खरंच वाईट वाटलं, उत्तर चुकलं म्हणून नाही, तर कोणी प्लेट नीट बघितलीच नाही म्हणून. ती कोणाच्यातरी हातची आहे आणि तो हात दुसऱ्याच्या नावावर टाकून मोकळे झाले. म्हणून सांगते, कोणीही नाव सांगितलं की आधी त्या नावाचं सुरू आणि बंद होण्याचं वर्ष बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता माझ्याकडे दोन नावं उरली होती. एक रॉबिन्सन अँड सन, दुसरं वाइलमन अँड कंपनी, तेही फोलीचेच, आणि 'द फोली चायना' असं लिहायची पद्धत त्यांची. शिक्का त्यांच्याकडे झुकत होता, पण एकदा तोंडघशी पडल्यावर मला झुकतं माप नको होतं, कागद हवा होता. कागद मिळवायचा रस्ता म्हणजे तो आरडी नंबर.

हा नंबर काय असतो ते नीट सांगते कारण मला हे समजायलाच आठवडा गेला. ब्रिटनमध्ये डिझाइन सरकारकडे रजिस्टर केलं की दुसऱ्या कोणाला काही वर्षं त्याची नक्कल करता येत नसे. १८४२ ते १८८३ या काळात त्यासाठी पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची एक खूण मारायचे, आणि १८८४ पासून सरळ १ पासून आकडे सुरू केले, आरडी नंबर म्हणजे तोच. आणि आकड्यांची ओळ सगळ्या धंद्यांना मिळून एकच, कापड असो, दिवा असो, बशी असो. कुठल्या वर्षी कितीव्या नंबरपासून सुरुवात झाली याचे तक्ते सहज मिळतात. १८९६ ची सुरुवात २६८३९३ ने, १८९७ ची २९१२४१ ने. मी कागदावर २७०१०१ ते २७९१०१ असे दहा आकडे मांडले, आणि मग लक्षात आलं की पुसलेला आकडा कुठलाही असला तरी वर्ष एकच येतंय, १८९६!

पण प्लेटवर तर १८९७. जुबिलीचा माल आधीपासून तयार करत असतील हे मान्य, तरी हा नंबर नक्की कशाचा? राणीच्या चित्राचा की आणखी कशाचा?

हे रजिस्टर लंडनच्या क्यू भागात नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. १८८४ ते १९०८ मधल्या डिझाइनसाठी दोन मालिका, बीटी ५१ मध्ये नोंदवह्या, म्हणजे नंबर, तारीख, मालकाचं नाव पत्ता, आणि बीटी ५० मध्ये प्रत्यक्ष डिझाइनची चित्रं किंवा फोटो. दोन्ही हवं असेल तर दोन्ही वेगवेगळं मागवावं लागतं, हे लक्षात ठेवा. नंबर कुठल्या व्हॉल्यूममध्ये येतो ते त्यांच्या ऑनलाइन कॅटलॉगवर घरूनच शोधून लिहून न्या, तिथे जाऊन शोधण्यात वेळ घालवू नका.

१३ जून, गुरुवार. ऑफिसला सुट्टी टाकली. रविवार सोमवार ते बंद असतात. मूळ कागद बघायला रीडर्स तिकीट लागतं, ते फुकट मिळतं, तीन वर्षं चालतं, ओळखीसाठी पासपोर्ट आणि पत्त्यासाठी बँकेचं स्टेटमेंट मी छापील नेलं. फॉर्म आधी ऑनलाइन भरला होता त्यामुळे काउंटरवर फोटो काढून कार्ड हातात. बॅग, कोट, पाण्याची बाटली सगळं लॉकरमध्ये, आत फक्त पारदर्शक पिशवी. पेन चालत नाही, पेन्सिलच, आणि खोडरबरही नाही. मोबाईलने फोटो काढता येतात, फ्लॅश बंद ठेवून, त्याचे पैसे नाहीत. म्हणजे दिवसाचा खर्च ट्रेनचं भाडं आणि कँटीनचा चहा एवढाच. मागवलेलं यायला पाऊण तास लागला, तेवढ्यात मी कँटीनमध्ये बसून उगाच तेच दहा आकडे पुन्हा लिहीत होते.

वही आली ती केवढी जड. फोमच्या उतरत्या ठोकळ्यांवर ठेवायची आणि पान उडू नये म्हणून वर माळेसारखी लांब वजनं, कापडात शिवलेली. पान उलटताना कोपरा न ओढता तळहात खालून सरकवायचा, बाजूच्या बाईंनी न विचारता करून दाखवलं, बऱ्या होत्या. आणि अक्षर! सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कोणा कारकुनाचं तिरकं, लयीत पडलेलं अक्षर, एकामागोमाग एक नंबर, शाई फिकट तपकिरी झालेली. आजोबांच्या जमिनीच्या कागदांची आठवण झाली.

२७०१०१ भलतंच. २७११०१ भलतंच. मग २७२१०१, आणि त्या ओळीत वाइलमन अँड कंपनी, फोली, लाँगटन.

मी ती ओळ बोट न लावता चार वेळा वाचली. रडूबिडू नाही आलं, पण हात गार पडले होते खरे. बाकीचे सात आकडेही बघितले, राहायला नको म्हणून, त्यात फोलीचं दुसरं कोणी नव्हतं.

मग बीटी ५० चा व्हॉल्यूम. इथे माझा दुसरा प्रश्न सुटला. नोंदवलेल्या डिझाइनमध्ये राणी नव्हती, झेंडे नव्हते, काहीच चित्र नव्हतं. होता तो फक्त आकार, त्या पाकळ्या! नंबर आकाराचा होता. या आकाराला डेन्टी म्हणतात, सहा पाकळ्यांचा, रोलंड मॉरिस नावाच्या डिझायनरचा, आणि वाइलमनच्या घराण्यातला सगळ्यात जास्त चाललेला. जुबिली जवळ आल्यावर त्यांनी १८९६ चा हाच तयार आकार घेऊन त्यावर राणी छापली, इतकं ते साधं होतं. म्हणून नंबरचं वर्ष आणि प्लेटवरचं वर्ष जुळलं नाही तर लगेच खोटी समजू नका, नंबर आकाराचा असू शकतो, नुसत्या नक्षीचाही असू शकतो. आणि उलटंही खरं, त्या नंबरचा माल त्याच वर्षी बनला असं नाही. २७२१०१ हा नंबर डेन्टीवर पुढे कित्येक दशकं छापला गेला.

ही कंपनी पुढे काय झाली ते कळलं तेव्हा तर मी हसलेच, कारण नाव माझ्या ओळखीचं होतं. १९१० मध्ये वाइलमननी फोली हे नाव फक्त आपल्यालाच मिळावं म्हणून प्रयत्न केला, नाही मिळालं, बाकीचे कारखानेही ते वापरत होते ना. मग त्यांनी मालकाचं आडनाव घेतलं, शेली. काही वर्षं शिक्क्यात शेलीबरोबर 'लेट फोली' असं लिहायचे, पूर्वीचे फोली या अर्थाने. शेलीच्या नाजूक कपबशा इथे आजही लोक हौसेने जमवतात. १९६६ ला कंपनी दुसऱ्यांच्या ताब्यात गेली आणि शेली नाव थांबलं.

खरं तर काम इथे संपलं होतं. पण ती लाल खूण राहिली होती.

१० ऑगस्टला शनिवारी मी आणि नवरा लाँगटनला गेलो. लंडन यूस्टनहून स्टोक दीड तास, तिथून छोट्या गाडीने पुढचंच स्टेशन लाँगटन. तिकीट आठवडाभर आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं, आम्ही उशीर केला आणि दोघांचे शंभर पौंडाच्या वर गेले, सगळ्या शोधातला सगळ्यात मोठा खर्च हाच. तिथे ग्लॅडस्टोन पॉटरी म्युझियम आहे, जुना कारखानाच राखून ठेवलाय. बाटलीच्या आकाराच्या विटांच्या भट्ट्या, आत उभं राहून वर बघितलं की आभाळाचं गोल छिद्र. एके काळी या शहरात अशा दोन हजारांच्या वर होत्या, आज सत्तेचाळीस उभ्या आहेत.

तिथल्या एका बाईंना मी फोनमधला फोटो दाखवला. त्यांनी शिक्क्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ लाल खुणेवर बोट ठेवलं. म्हणाल्या, ही रंगवणारीची खूण. बाह्यरेषा तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून पातळ कागदावर उतरवून प्लेटवर छापायचे आणि आतले रंग हाताने भरायचे, ते काम बायका आणि मुली करायच्या, पेंट्रेस म्हणत त्यांना. किती नग झाले त्यावर मजुरी, म्हणून प्रत्येकीची आपली खूण, एक ठिपका, दोन रेघा, असं काहीतरी. कोणत्या खुणेची कोण, ते आता कोणाला सांगता येत नाही.

संध्याकाळच्या गाडीत मी पिशवीतून प्लेट काढली, टॉवेलात गुंडाळून नेली होती. पहिल्यांदाच झेंड्यांकडे रंग म्हणून बघितलं. उजव्या झेंड्याचा निळा अगदी रेषेत भरलाय, डाव्याचा मात्र एका कोपऱ्यात रेषेबाहेर केसभर गेलाय, आणि तिथे ब्रश परत आत वळवल्याचं दिसतं, रंग दाट झालाय. घाई असेल, किंवा उजेड गेला असेल. जुबिलीसाठी असले नग किती डझन रंगवले असतील तिने. त्या काळात या कारखान्यांत चकाकीत शिसं असायचं आणि ते अंगात भिनून कामगार बायकामुली आजारी पडायच्या, म्युझियममध्ये त्याची माहिती लावलीय, ते वाचून आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नव्हतो.

घरी आल्यावर एका आम्लविरहित कागदावर पेन्सिलने सगळं लिहिलं, वाइलमन अँड कंपनी, फोली, लाँगटन, आकाराचा नंबर २७२१०१, वहीचा संदर्भ, बघितल्याची तारीख, आणि कागद प्लेटच्या डब्यात ठेवला. तुम्हीही ठेवा, नाहीतर पुढच्या माणसाला सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

आईला फोन केला. सगळं ऐकून घेतलं तिने, शिसं, भट्ट्या, नगावर मजुरी. मग विचारलं, "आणि तिचं नाव? त्या रंगवणारीचं?"

"नाही मिळालं गं."

जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कपाटात ठेवशील ना, तेव्हा उलटी ठेव. मागची बाजू दिसेल अशी."

तशीच ठेवलीय.